माश्यांचं कोडं सुटलं, जंतांचं अडलं: फ्रान्सेस्को रेडी नावाच्या डॉक्टरची गोष्ट

जंगलातलं हरीण दिसायला धडधाकट असतं. कळपात चरतं, चाहूल लागली की उड्या मारत पळतं. पण त्याच हरणाचं शवविच्छेदन केलं की कधी यकृतात पानासारखे चपटे जंत निघतात, कधी आतड्यात दोऱ्यासारखे लांब जंत, तर कधी नाकामागच्या पोकळीत वळवळणाऱ्या अळ्या. प्रश्न साधा आहे. हे सगळं आत गेलं कसं?

आज शाळेतली मुलंही सांगतील की अंडी किंवा पिल्लं बाहेरून पोटात गेली असणार. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या भल्या भल्या विद्वानांचं उत्तर वेगळं होतं. बाहेरून कशाला येतील? शरीरातच तयार झाले, असं ते सांगायचे.

हे उत्तर खोटं ठरवायला लागणारी जवळपास सगळी हत्यारं ज्याच्या हातात होती, असा एक माणूस तेव्हा इटलीत होता. त्याचं नाव फ्रान्सेस्को रेडी. सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मत नाहीत, हे बरण्यांचा प्रयोग करून दाखवणारा तो हाच. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याचा हा प्रयोग हमखास असतो. पण पुढची अर्धी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मेलेल्या मांसाचं कोडं सोडवणारा रेडी जिवंत प्राण्यांच्या पोटातल्या जंतांपाशी येऊन अडला. आणि त्याला न सापडलेल्या उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

राजवैद्याचा मुलगा, राजवैद्य

रेडीचा जन्म १८ फेब्रुवारी १६२६ चा, इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या अरेत्सो शहरातला. वडील ग्रेगोरिओ हे डॉक्टर, आणि तेही मेदिची घराण्याच्या दरबारातले. टस्कनीवर तेव्हा याच घराण्याची सत्ता होती. रेडीचं शिक्षण फ्लोरेन्समध्ये जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झालं. १६४७ मध्ये त्याने पिसा विद्यापीठातून वैद्यक आणि तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. काही वर्षं रोममध्ये कोलोन्ना घराण्याकडे नोकरी केली आणि मग तो फ्लोरेन्सला परतला.

पुढे तो ग्रँड ड्यूक फर्दिनांदो दुसरा याचा वैद्य झाला आणि राजघराण्याच्या औषधशाळेचा प्रमुखही. त्यानंतर गादीवर आलेल्या कोसिमो तिसरा याच्याकडेही तो याच पदावर राहिला.

काळ नाजूक होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हटल्याबद्दल गॅलिलिओला चर्चने १६३३ मध्ये शिक्षा सुनावली होती आणि १६४२ मध्ये नजरकैदेतच त्याचा मृत्यू झाला होता. पण गॅलिलिओला मानणारे लोक फ्लोरेन्समध्ये होतेच. १६५७ मध्ये मेदिचींच्या आश्रयाने तिथे अकादेमिया देल चिमेंतो ही संस्था सुरू झाली. चिमेंतो म्हणजे कसोटी. जुन्या ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा करून पाहिल्यावर काय दिसतं याला किंमत द्यायची, हा या मंडळींचा नियम. रेडी त्यांच्यातलाच एक होता.

दरबारी नोकरीचा त्याला आणखी एक फायदा झाला. राजघराण्याचा शिकारीचा शौक, मोठा मुदपाकखाना आणि दूरदेशीचे प्राणी पाळण्याची हौस यामुळे चिरून पाहायला प्राण्यांची कधी कमतरता पडली नाही.

सापाचं विष आणि भारतातून आलेले मणी

१६६४ मध्ये रेडीने पहिलं महत्त्वाचं पुस्तक लिहिलं ते व्हायपर जातीच्या सापांवर. तेव्हा या सापांपासून औषधं बनायची, त्यामुळे औषधशाळेच्या प्रमुखाला तो रोजचाच विषय होता. सापाचं विष त्याच्या पित्तात असतं, अशी समजूत होती. याकोपो सोत्सी नावाच्या गारुड्याने सगळ्यांसमोर सापाचं पित्त पिऊन दाखवलं. त्याला काहीच झालं नाही. मग रेडीने एकेक अवयव तपासत दाखवून दिलं की विष म्हणजे दातांजवळच्या पिशवीतला पिवळसर द्रव. तो गिळला तर अपाय करत नाही, जखमेतून रक्तात गेला तर मारतो.

१६७१ मध्ये त्याने हात घातला तो थेट भारताशी जोडलेल्या विषयाला. पूर्वेकडून परतलेल्या धर्मप्रचारकांनी टस्कनीच्या दरबारात काही 'सर्पमणी' आणले होते. हे खडे नागाच्या डोक्यातून निघतात आणि दंशाच्या जागी लावले की विष शोषून घेतात, असा दावा होता. आपल्याकडच्या नागमण्याच्या गोष्टींची ही युरोपीय आवृत्तीच. रेडीने ते खडे प्राण्यांवर लावून पाहिले. विषबाधा झालेले प्राणी मेलेच. त्याने हे निष्कर्ष पत्ररूपाने छापले आणि ते पत्र लिहिलं अथानासिउस किर्शर याला. किर्शर हा रोममधला अतिशय नावाजलेला जेझुइट पंडित आणि या मण्यांवर त्याचा विश्वास होता.

बरण्यांचा प्रयोग नेमका काय होता?

या दोन पुस्तकांच्या मधे, १६६८ मध्ये, आलं ते कीटकांच्या जन्मावरचं पुस्तक. त्याने रेडीचं नाव कायमचं केलं.

निर्जीव गोष्टीतून जीव आपोआप तयार होतो, ही समजूत फार जुनी होती. चिखलातून बेडूक, मेलेल्या बैलातून मधमाश्या, कुजलेल्या मांसातून अळ्या. भारतातही जीवांचे जे चार प्रकार सांगत, त्यात अंडज आणि जरायुज यांच्याबरोबर 'स्वेदज' हा एक प्रकार होता. उवांसारखे जीव घामातून आणि उष्म्यातून जन्मतात, असं मानलं जायचं. किर्शरने तर मेलेल्या माश्यांपासून नव्या माश्या करण्याची कृतीही दिली होती. त्यात मधाचं पाणी लागायचं.

होमरच्या 'इलियड'मध्ये एक प्रसंग आहे. मित्राच्या प्रेतावरच्या जखमांत माश्या शिरतील आणि अळ्या पडतील, अशी भीती अकिलीसला वाटते. रेडीने याची आठवण मुद्दाम नोंदवली आहे. माश्या आणि अळ्या यांचा संबंध त्या कवीला दिसला होता, मग विद्वानांना का दिसू नये?

त्याने रुंद तोंडाच्या चार बरण्या घेतल्या. एकीत साप, दुसरीत नदीतले मासे, तिसरीत आर्नो नदीतल्या लहान बाम माश्या आणि चौथीत वासराचं मांस घातलं. चारही तोंडं कागदाने घट्ट बंद केली. तशाच आणखी चार बरण्या भरल्या आणि उघड्या ठेवल्या. उघड्या बरण्यांत माश्या येत-जात राहिल्या आणि काही दिवसांत अळ्या पडल्या. बंद बरण्यांत मांस सडलं, वास मारायला लागलं, पण आत एकही अळी नव्हती.

यावर कुणी म्हणेल, हवाच बंद केली तर जीव जन्मेल कसा? म्हणून त्याने पुढच्या वेळी बरण्यांच्या तोंडाला बारीक जाळीचं कापड लावलं. हवा आत जात होती, माशी जात नव्हती. माश्यांनी जाळीवर अंडी घातली, पण मांसात अळ्या झाल्या नाहीत. कागदवाल्या आणि जाळीवाल्या बरण्या बाजूला ठेवून उघड्या बरण्यांशी तुलना करायची, ही पद्धत आज प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. तेव्हा ती नवी होती.

मग हरणाच्या डोक्यातल्या अळ्यांचं काय?

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण त्याच पुस्तकात रेडी पुढे ओकच्या झाडावरच्या गाठींकडे वळला. या गाठी कापल्या की आत अळी सापडते, पण बाहेरून कुठेही भोक दिसत नाही. माशी आत शिरली कशी? त्याला काही सांगता येईना. शेवटी त्याने मानलं की झाड जिवंत आहे, त्याच्यात जीवनशक्ती आहे आणि जी शक्ती फळ तयार करते तीच ही अळीही तयार करत असावी.

त्याच्या नजरेत यात विसंगती नव्हती. मेलेल्या गोष्टीतून जीव येत नाही, एवढंच त्याने सिद्ध केलं होतं. जिवंत झाड किंवा जिवंत प्राणी दुसरा जीव घडवू शकत नाही, असं त्याचा प्रयोग सांगत नव्हता. मग हाच तर्क त्याने प्राण्यांनाही लावला. माणसाच्या आतड्यातले जंत, मेंढीच्या यकृतातले चपटे जंत, हरणांच्या आणि मेंढ्यांच्या डोक्यात सापडणाऱ्या अळ्या, हे सगळं त्याने या एकाच यादीत टाकलं.

हरणाच्या डोक्यातल्या अळ्या हा विषय तेव्हाही दोन हजार वर्षं जुना होता. प्रत्येक हरणाच्या डोक्यात, जिभेच्या मुळाशी, साधारण वीस जिवंत अळ्या असतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. गंमत अशी की या अळ्या जंत नाहीतच. त्या एका माशीच्या अळ्या आहेत. ही माशी हरणाच्या नाकपुड्यांपाशी येऊन पिल्लं सोडते आणि ती आत सरकून घशामागच्या पोकळीत वाढतात. म्हणजे इथे रेडीचंच उत्तर लागू होतं. माशी येते, पिल्लं टाकते, अळी दिसते. फक्त बरणीच्या जागी जिवंत हरीण होतं आणि त्याच्या नाकाला जाळी लावता येत नव्हती.

यकृतातल्या जंताचं कोडं याहून अवघड होतं. यकृत चारही बाजूंनी बंद, आणि तसा चपटा जंत बाहेर गवतात किंवा पाण्यात कुठेही दिसत नाही. या जंताचं चित्र १६६८ मध्ये रेडीनेच छापलं. या जंताच्या सर्वांत जुन्या छापील चित्रांत त्याची गणना होते. चित्र काढलं, पण तो आत येतो कुठून ते कळलं नाही.

उत्तर चुकलं तर बिघडतं काय? जंत शरीरच तयार करत असेल, तर तो टाळण्याचा मार्गच उरत नाही. झाल्यावर औषध द्यायचं, एवढंच हातात राहतं. पण तो बाहेरून येत असेल, तर येण्याची वाट शोधून बंद करता येते.

पोटं उघडली, अंडी सापडली

रेडी तिथे थांबला नाही. पुढची कित्येक वर्षं तो प्राणी चिरत राहिला. १६८४ मध्ये त्याचं आणखी एक पुस्तक आलं. विषय होता जिवंत प्राण्यांच्या आत राहणारे जिवंत प्राणी. त्यात शंभराहून जास्त प्रकारच्या परजीवींच्या नोंदी होत्या. पाळीव, रानटी, पाण्यातले, हवेतले, अनेक प्राण्यांची आतडी, फुप्फुसं, मूत्रपिंडं त्याने तपासली होती. परजीवीशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं ते या पुस्तकामुळे.

माणसाच्या पोटातला मोठा गोल जंत आणि शेतातलं गांडूळ एकच, असं अनेकांना वाटायचं. रेडीने दोन्ही चिरून दाखवलं की आतली रचना पूर्ण वेगळी आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गोल जंतांत नर आणि मादी वेगळे असतात आणि मादीच्या पोटात अंडी असतात, हे त्याने पाहिलं. ज्याला अंडी आहेत, त्याला शरीराने घडवण्याची गरज काय? पाऊल अगदी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

गोड खाल्ल्याने पोटात जंत होतात, हे आपल्याकडे आजही लहान मुलांना ऐकवलं जातं. तेव्हा इटलीतही असंच मानायचे. रेडीने जंत साखरेच्या पाण्यात टाकून पाहिले आणि तुलनेसाठी काही साध्या पाण्यात ठेवले. साखरेच्या पाण्यातले आधी मेले. इतरही अनेक पदार्थ त्याने असे तपासले.

पण अंडी शरीरात शिरतात कशी, हे त्याच्या हाती लागलं नाही. झाडांवरच्या गाठींचं कोडं दरम्यान दुसऱ्या एका इटालियनाने सोडवलं होतं. कीटक झाडात अंडी टोचतो आणि मग त्याभोवती गाठ वाढते, असं मार्चेल्लो माल्पिगी याने १६७९ मध्ये मांडलं. गाठींवर स्वतंत्र पुस्तक लिहायचा रेडीचा बेत होता. ते पुस्तक कधीच आलं नाही.

खरूज, कविता आणि बनावट नोंदी

१६८७ मध्ये जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या तरुण डॉक्टरने रेडीला एक लांब पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. बोनोमो आणि औषधविक्रेता चेस्तोनी यांनी खरजेच्या फोडातून बारीक किडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. एका किड्याला अंडं घालतानाही त्यांनी पाहिलं. खरूज रक्तातल्या दोषाने होत नाही, हा किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो म्हणून होते, असं पत्रात होतं. हे काम ज्या वर्तुळात झालं त्याच्या मध्यभागी रेडीच होता.

तो कवीही होता. टस्कनीच्या वाइनवरची त्याची 'बाक्को इन तोस्काना' ही दीर्घ कविता १६८५ मध्ये आली आणि इटलीभर गाजली. अकादेमिया देल्ला क्रुस्का या भाषासंस्थेच्या शब्दकोशासाठीही त्याने काम केलं. पण इथे त्याची दुसरी बाजू दिसते. १६९१ च्या आवृत्तीसाठी त्याने जुन्या हस्तलिखितांतले म्हणून जे दाखले दिले, त्यातले कितीतरी त्याने स्वतःच रचले होते. ही बनावटगिरी विसाव्या शतकात उघड झाली. सापाच्या पित्तावर ऐकीव विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने शब्दांच्या बाबतीत इतरांना मात्र डोळे झाकून विश्वास ठेवायला लावला.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. फेफऱ्याचा त्रास होता. १ मार्च १६९७ रोजी पिसामध्ये त्याचा मृत्यू झाला. दफन जन्मगावी, अरेत्सोला झालं.

'रेडिया' म्हणजे काय?

यकृतातल्या चपट्या जंताचं कोडं त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं टिकलं.

१८३७ मध्ये इटालियन प्राणीशास्त्रज्ञ फिलिप्पो दे फिलिप्पी गोगलगायींच्या आत राहणाऱ्या बारीक अळ्यांचा अभ्यास करत होता. या चपट्या जंतांच्या आयुष्यातल्या एका अवस्थेला त्याने रेडीच्या आठवणीत 'रेडिया' असं नाव दिलं. आज जगभरात हाच शब्द वापरला जातो.

१८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये यकृताच्या याच रोगाने सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या, तेव्हा शोधाला घाई आली. ऑक्सफर्डमध्ये आल्जरनन थॉमस आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पूर्ण साखळी जुळवली.

ती अशी आहे. जंताची अंडी जनावराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. पाण्यात अंडं फुटून पोहणारी सूक्ष्म अळी निघते आणि ती एका विशिष्ट गोगलगायीत घुसते. तिथे तिच्यापासून रेडिया तयार होतात, आणि रेडियांच्या पोटात शेपटीवाल्या आणखी अळ्या. एका अंड्यापासून शेकडो जीव होतात ते याच टप्प्यात. शेपटीवाल्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडून गवताच्या पात्याला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करतात. ते गवत जनावराने खाल्लं की आतड्याची भिंत भेदून त्या यकृतात पोहोचतात.

रेडीला बाहेर हा जंत दिसला नाही, कारण बाहेर तो जंताच्या रूपात नसतोच. तो अर्धं आयुष्य गोगलगायीत काढतो.

हरीण आणि बायसनची आजची अडचण

आपल्याकडे पशुवैद्यक या जंतांना पर्णकृमी म्हणतात. पावसाळ्यात तळ्याकाठी, भातखाचरांच्या दलदलीत गुरं-मेंढ्या चारू नका, हा त्यांचा सल्ला थेट या साखळीतून येतो. गोगलगाय जिथे, तिथे धोका. पण हा सल्ला गोठ्यातल्या गाईसाठी ठीक आहे. रानातल्या हरणाला कोण अडवणार? त्याला जंतनाशक औषध तरी दरवेळी कोण पाजणार?

इटलीतच याचं मोठं उदाहरण घडलं. ट्युरिनजवळच्या ला मांद्रिया या राजाच्या शिकारीच्या उद्यानात उत्तर अमेरिकेतून वापिटी हरणं आणली गेली. त्यांच्याबरोबर तिकडचा महाकाय पर्णकृमीही आला. तो १० सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकतो. १८७५ मध्ये रोबेर्तो बास्सी याने तिथल्या हरणांत त्याची नोंद केली. इथे त्याला चालणाऱ्या गोगलगायी होत्या आणि स्थानिक हरणंही, म्हणून तो टिकला. आज डॅन्यूब नदीकाठच्या जंगलांतल्या हरणांतही हा जंत आहे.

तोच जंत प्रत्येक प्राण्यात वेगळा वागतो. अमेरिकेच्या हरणांत तो यकृतात पातळ गाठ करून राहतो आणि अंडी पित्तावाटे बाहेर सोडतो. बायसन आणि गाईगुरांत शरीर त्याच्याभोवती जाड बंद भिंत उभी करतं, अंडी बाहेर पडत नाहीत आणि साखळी तिथेच तुटते. मेंढी-शेळीत तो यकृतभर भटकत राहतो आणि मोजके जंतही जीव घेऊ शकतात.

युरोपातल्या बायसनपुढे दुसरं संकट आहे. ही जात रानातून १९२७ पर्यंत नाहीशी झाली होती. आजचे सगळे प्राणी बंदिस्त जागी वाचलेल्या अवघ्या १२ पूर्वजांपासून वाढवलेले आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पोलंडमधल्या बायसनच्या पोटात रक्त पिणारा एक आशियाई गोलकृमी सापडू लागला. तो आला माणसाने युरोपात आणून सोडलेल्या सिका हरणांबरोबर.

म्हणून आता कुठलाही रानटी प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात, किंवा एका जंगलातून दुसऱ्या जंगलात हलवण्याआधी त्याची लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते आणि त्याला काही काळ वेगळं ठेवलं जातं. रानातल्या कळपाला औषध पाजणं जवळपास अशक्य असतं, पण नव्या प्राण्याबरोबर येणारी अंडी दारातच अडवता येतात. बरणीच्या तोंडाला रेडीने लावलेली जाळी हेच काम करत होती.